वर्दी अंगावर असताना कॅमेरा: हडपसरच्या एका नाईकाला उत्तर

जय हिंद, बेटा. तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुझ्यासारख्या इतर पोरांनाही संदर्भ लागेल. तू सत्तावीस वर्षांचा, सेनेत नाईक हुद्द्यावर, घर हडपसरला, सध्या पोस्टिंग उंचावरच्या फील्ड एरियात. ज्येष्ठात तीस दिवसांची सुट्टी मिळेल असं दिसतंय. सत्तर हजार रुपये बाजूला टाकले आहेस. फोटोग्राफी शिकायची आहे, पुढे छोट्या फिल्म करायच्या आहेत. वडील म्हणतात, फौजेत राहून हे कसले नाद. युनिटमध्ये विचारायची भीती वाटते, कारण कुणीतरी सांगितलंय की कॅमेरा दिसला की चार्ज लागतो, म्हणजे शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे तुझे प्रश्न तीन: परवानगी मिळते का, कॅमेरा कोणता घ्यावा, आणि पेन्शनवर आल्यावर यावर पोट भरेल का.

मी सॅपर, म्हणजे सेनेच्या इंजिनिअर दलातला जवान. १९८६ साली भरती झालो, ट्रेनिंग खडकीला, आणि २०१४ साली सुभेदार मेजर होऊन घरी आलो. त्या अठ्ठावीस वर्षांतली पहिली तीन सोडली तर कॅमेरा बहुतेक काळ माझ्या काळ्या ट्रंकेत होता. तेव्हा परवानगीपासून सुरू करतो, आणि ती का आधी येते हे सांगायला एक रोल आठवावा लागेल.

१९९१ ची गोष्ट. याशिकाचा साधा कॅमेरा, छत्तीस फोटोंचा एक रोल. सुट्टीत त्यावर चौदा फोटो काढले होते. त्यातले तीन आजीचे, सकाळच्या उन्हात ओट्यावर तांदूळ निवडताना. उरलेला रोल तसाच कॅमेऱ्यात ठेवून मी पोस्टवर परतलो. तिथे माझा एक जोडीदार ड्युटी संपवून उतरत होता. म्हणाला, एक काढ ना, घरी पाठवतो. काढला. मागे बंकर होता, आणि बंकरच्या पलीकडे रस्त्याचं वळण. दोन दिवसांनी सीनियर जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशंड ऑफिसर, साहेबांनी बोलावलं. कॅमेरा मागितला, मागचं झाकण उघडलं आणि पूर्ण रोल ओढून उन्हात धरला. बोलले काही नाहीत. त्या हिवाळ्यात आजी गेली. तिचा त्या वयातला दुसरा फोटो घरात नाही.

राग दोन-तीन वर्षं मनात राहिला. पुढे मी स्वतः जेसीओ झालो, साठ पोरांची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा तो गेला. त्या फोटोत जोडीदाराचा चेहरा किती होता आणि बंकर किती होता, हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी घरचा रोल वेगळा आणि फौजेतला वेगळा ठेवला. तू आज मेमरी कार्डांच्या बाबतीत हेच करायचंस. घरचं कार्ड युनिटमध्ये येणार नाही, युनिटचं कार्ड घरी जाणार नाही. मध्यभागी रेघ मारून टाक.

आता कायदा. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. प्रतिबंधित जागेचा नकाशा, रेखाटन, फोटो असं काही देशाच्या सुरक्षेला घातक हेतूने केलं आणि ते संरक्षणाशी निगडित असलं, तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुझा हेतू तसा नाही हे मला ठाऊक आहे. पण हेतू सिद्ध करत बसायची वेळ येणं हीच जवानासाठी मोठी शिक्षा. दुसरं, सेना अधिनियम १९५० खालचे सेना नियम १९५४. त्यातला २१ वा नियम नीट वाच. सेवेशी संबंधित विषय किंवा माहिती कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध करायची तर आधी मंजुरी हवी, असं तो सांगतो. 'कोणत्याही स्वरूपात' या दोन शब्दांत तुझी फिल्म येते, फोटो येतो, आणि मोबाइलवर चोवीस तासांनी पुसलं जाणारं स्टेटससुद्धा येतं. जुलै २०२० मध्ये सेनेने एकोणनव्वद अॅप फोनवरून काढायला लावली, ते तुलाही आठवत असेल. असे आदेश बदलत राहतात. कालचा आदेश धरून आज वागू नकोस. आत्ता काय लागू आहे ते अॅडज्युटंट साहेबांच्या, म्हणजे युनिटचं प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसातून समजून घे.

आणि विचारायला घाबरू नकोस. चार्ज लागतो तो लपवलेल्या कॅमेऱ्यामुळे. मी अठ्ठावीस वर्षांत पाच-सहा कमांडिंग ऑफिसर पाहिले, प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात अर्ज दिला: माझ्याकडे अमुक कंपनीचा, अमुक नंबरचा कॅमेरा आहे, छंद म्हणून सुट्टीत वापरतो, युनिट लोकेशनवर असताना तो कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) किंवा साहेब सांगतील तिथे जमा राहील. चार ओळींचा अर्ज, खाली सही, एक प्रत आपल्याजवळ. मार्ग कंपनीतूनच जायला हवा, म्हणजे प्लाटूनचे जेसीओ साहेब, मग कंपनी कमांडर. एकदा नकार मिळाला. मी कॅमेरा घरी पाठवला आणि ते दीड वर्ष नुसत्या वहीवर काढलं. त्या वहीबद्दल पुढे सांगतो.

परवानगी मिळाली तरी डोळा आधी फोटोच्या मागच्या भागाकडे न्यायची सवय लाव. नवा माणूस चेहरा पाहतो. पण माहिती असते चेहऱ्यामागे: गाडीच्या बंपरवरचा नंबर, खांद्यावरचं फॉर्मेशन साइन (तुकडी ओळखू येणारं चिन्ह), दिशादर्शक पाटी, अँटेना, डोंगराची धार. डोंगराची धार ही तर बोटाच्या ठशासारखी असते, एका फोटोवरून जागा ओळखता येते. वर मोबाइलचा फोटो आपल्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन घेऊन फिरतो. कॅमेरा आणि फोन दोन्हींतलं लोकेशन कायमचं बंद ठेव. कॅमेऱ्याचं कार्ड ऑफिसच्या कॉम्प्युटरला कधीही लावायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. आणि अनोळखी कुणी तुझ्या फोटोची स्तुती करून विचारलं, 'किती सुंदर जागा, कुठली हो?', तर तिथेच थांब आणि आपल्या साहेबांना सांग. शिकणाऱ्या माणसाला स्तुतीची भूक असते, त्याच वाटेने लोक आत शिरतात.

पुण्यातही हे लागू आहे. आपलं शहर लष्कराच्या आस्थापनांनी वेढलेलं आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, तिथे कॅमेरा बॅगेतच राहू दे. सिंहगडावरून खडकवासल्याचं पाणी दिसतं, एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही दिसते. पाण्याचा फोटो काढ, पण लांब लेन्स लावून प्रबोधिनीवर रोखू नकोस. खडकी, दापोडी, दिघी, देहू रोड, जिथे मनाईची पाटी दिसेल तिथे वाद न घालता पुढे चाल. सामान्य माणसाला तिथे समज देऊन सोडतील, तुझ्या बाबतीत मात्र युनिटला पत्र जाईल. ड्रोनचा विचार तर सध्या डोक्यातून काढ. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत, आणि पुण्याभोवती लाल-पिवळंच फार.

युनिटमध्ये उघडपणे कॅमेरा हातात यावा असं वाटत असेल तर एक सरळ रस्ता आहे. बडाखाना (सगळ्यांचं एकत्र जेवण), रेझिंग डे (युनिटचा स्थापना दिवस), मंदिर परेड, खेळांच्या स्पर्धा, यांचे फोटो कुणीतरी काढतोच. ते काम मागून घे. कॅमेरा युनिटचा, कार्ड युनिटचं, फोटो युनिटकडे. तुझ्याजवळ काही राहणार नाही, पण हात बसेल. कमी उजेडात, हलणाऱ्या माणसांत, दुसरी संधी न मिळता फोटो काढणं याहून चांगली शाळा नाही. मी बॉक्सिंगच्या रिंगभोवती जे शिकलो ते एरवी कुठे शिकलो नसतो. चांगला फोटो निघाला तर तो युनिटमार्फतच 'सैनिक समाचार'साठी पाठवता येतो. १९०९ साली 'फौजी अखबार' म्हणून सुरू झालेलं हे नियतकालिक मराठीतही निघत आलं आहे. मंजुरीच्या वाटेने छापून आलेला फोटो वडिलांना दाखवायलाही चांगला.

दुसऱ्या महायुद्धात टोनी व्हॅकारो नावाचा अमेरिकन पायदळाचा जवान होता, १९४४ मध्ये फ्रान्सला उतरला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. सैन्याने त्याला फोटोग्राफर म्हणून घेतलं नाही, तेव्हा तो रायफलीबरोबर स्वतःचा आर्गस कॅमेरा घेऊन लढला. रात्री लोखंडी हेल्मेटांमध्ये रसायनं ओतून त्यांत रोल धुवायचा आणि झाडाच्या फांदीवर वाळत घालायचा. शंभरीला पोहोचून २०२२ मध्ये तो गेला. ही गोष्ट मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच पुढचंही सांगतो. ते सैन्य वेगळं, काळ वेगळा. तू त्याचा हेल्मेटचा भाग घे, बंदुकीशेजारी कॅमेरा ठेवायचा भाग घेऊ नकोस. साधनं नसताना काम अडू द्यायचं नाही, एवढं त्याच्याकडून शिकायचं.

मग फोटो कशाचे काढायचे? सगळ्यात जास्त मला यावरच बोलायचंय, कारण इथेच बहुतेक पोरं चुकतात. त्यांना वाटतं, माझ्याकडे विषय म्हणजे बर्फ, बंदूक आणि सीमा, आणि तेच काढता येत नाही, म्हणजे हात बांधले गेले. तसं नाही. तुझा विषय घर आहे. दहा-अकरा महिने घराबाहेर राहून परत येणाऱ्याला घर जसं दिसतं तसं घरात राहणाऱ्याला कधीच दिसत नाही. आईच्या केसांतली पांढरी बट रोज पाहणाऱ्याला कळत नाही, तुला दारातच कळते. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान जाऊन मोबाइलचं आलं, बहिणीने चष्मा घेतला, वडील जिना उतरताना आता कठड्याला हात लावतात. ही नजर तुला फौजेने फुकट दिली आहे. मात्र चार-पाच दिवसांत ती बोथट होते, मग तूही इतरांसारखाच पाहू लागतोस. म्हणून घरी पोचल्या रात्रीच झोपण्याआधी वहीत लिही, काय बदललेलं दिसलं. दहा गोष्टी लिही. त्या दहा गोष्टी म्हणजे तुझी फोटोंची यादी.

पण कॅमेरा मात्र पहिले तीन दिवस बाहेर काढायचा नाही. हे मी माझ्या बायकोकडून शिकलो. १९९८ च्या सुट्टीत मी पोचल्या सकाळीच पोरीचे फोटो काढायला लागलो. बायको म्हणाली, "दहा महिने तुम्ही तिकडे, आणि आलात तर डोळ्याला डबी." त्यावर मला उत्तर नव्हतं. तीन दिवस हात मोकळे ठेव. पोरांना उचलून घे, दळण आण, गॅस सिलिंडर लाव. मग घरचेच विचारतात, कॅमेरा आणला नाही का?

सासवडजवळच्या आमच्या गावच्या घराला ओटा आहे. १९९३ पासून दर सुट्टीच्या शेवटच्या सकाळी, निघायच्या आधी, मी वडिलांचा एक फोटो काढला. जागा तीच, मी उभा तिथेच, अंगणातल्या तुळशीला पाठ टेकून. लेन्स तीच, रशियन झेनिटवरची अठ्ठावन्न मिलिमीटरची हेलिओस. वडील ओट्यावर, शेजारी माझी ट्रंक. वर्षाला एक, कधी दोन. मी काही मोठा बेत करून हे केलं नव्हतं. सतरा-अठरा फोटो जमल्यावर पोरीने ते ओळीने मांडले. वडिलांचं धोतर जाऊन पायजमा आला हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते मागच्या भिंतीचं. आधी शेणाने सारवलेली, मग चुना, मग सिमेंट, मग त्यावर विजेचा मीटर. गोठ्याच्या जागी आधी सायकल, मग मोटारसायकल. पोरीने त्या फोटोंवर आईचा आवाज घालून चार मिनिटांची फिल्म केली. आई ती पाहताना वडिलांबद्दल काही बोलली नाही. ती म्हणाली, "ते डालगं बघा, कोंबड्यांचं. कुठे गेलं असेल?" त्या डालग्यासाठी तिने फिल्म तीनदा लावायला लावली.

तुझ्याकडे हे आजपासून सुरू करण्याइतकी नोकरी शिल्लक आहे. एक जागा निवड, एक लेन्स, एक वेळ. आणि मग ती मोडायची नाही.

त्यात तू हडपसरचा आणि सुट्टी ज्येष्ठात. पालख्या पुण्यात मुक्काम करतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. तिथून निघून हडपसरपर्यंत एकाच वाटेने येतात, आणि गाडीतळाच्या पुढे वाटा फुटतात. माउली दिवे घाटातून सासवडला, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवशी पुण्यातले शेकडो कॅमेरे दिवे घाटाच्या वळणावर जाऊन बसतात आणि सगळ्यांना तोच फोटो मिळतो, वळणं घेत वर चढणारी भगवी रांग. तू घाटात जाऊ नकोस. तुमच्या घरून वारकऱ्यांना काहीतरी दिलं जात असेल, पाणी, केळी, पिठलं-भाकरी. पहाटे चारला आईच्या चुलीपाशी किंवा गॅसपाशी बस. परातीतलं पीठ, बांगड्या मागे सारलेला हात, पाटीत रचलेल्या भाकरी, फडकं, मग रस्ता, आणि ती भाकरी घेणारा हात. तुझी पहिली फिल्म ही आहे. तीन मिनिटांची. वारकऱ्याचा चेहरा जवळून घ्यायचा तर आधी "माउली, काढू का?" विचार. शंभरातले नव्वद हसून उभे राहतील. दहांना सोडून दे.

ती फिल्म कशी घ्यायची तेही सांगतो, कारण व्हिडिओत नवे लोक कॅमेरा सतत हलवत राहतात. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धर. एक लांबून, ज्यात पूर्ण खोली दिसेल. एक मधला, कमरेपासून वर. मग हात, मग चेहरा, मग ज्याकडे आई पाहते ते. या पाच शॉटांत कोणतंही काम सांगता येतं, भाकरी असो की बूट पॉलिश. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर लाव आणि शटर १/५० सेकंदावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून १/५० किंवा १/१०० वर स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट थरथरत नाही. इतर शटरवर फिल्मभर काळे पट्टे फिरतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. दुपारी बाहेर १/५० वर चित्र पांढरं फटक पडेल, त्यासाठी एनडी फिल्टर लागतो. ती लेन्सवर लावायची काळी काच, स्वस्तातली चालते.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष दे. वाईट चित्र लोक पाहतात, वाईट आवाज ऐकत नाहीत. फोन आईच्या जवळ, पदराआड ठेवून त्यावर आवाज वेगळा रेकॉर्ड कर, नंतर टाळी वाजवून जुळवता येतो. आणि शेवटी सगळ्यांना गप्प करून खोलीचा नुसता आवाज एक मिनिट घे. पंखा, लांबची दिंडी, कुकर. एडिट करताना दोन शॉटांमधली फट त्यानेच बुजते. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. हे काम सुट्टीतच संपव, शेवटचा आठवडा त्यासाठी राख. युनिटमध्ये लॅपटॉप नेऊन पूर्ण करीन असं ठरवलेल्या फिल्म मी कधी पूर्ण झालेल्या पाहिल्या नाहीत.

आता सत्तर हजार. पूर्ण खर्चू नकोस. वापरलेली मिररलेस बॉडी (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घे, पाच-सात वर्षांपूर्वीचं मॉडेल चालेल, पण त्यात माइक लावायची जागा हवी. बजेटच्या अर्ध्याहून जास्त त्यावर नको. त्यावर एकच लेन्स, सेन्सर (उजेड टिपणारी आतली पट्टी) लहान असेल तर पस्तीस मिलिमीटर, मोठा असेल तर पन्नास, एफ १.८ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी. झूम नको. झूम असला की पाय चालत नाहीत. जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचार. लेन्समध्ये मागून टॉर्च मारून पाहा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून दे. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी, दोन कार्डं, दोन हार्ड डिस्क. एक डिस्क घरी, एक बहिणीकडे. कॅनन, निकॉन, सोनी, फुजी यांत शिकणाऱ्याला फरक पडत नाही. ज्याची दुरुस्ती पुण्यात होते ते घे.

उंचावर कॅमेरा नेण्याची परवानगी मिळालीच तर थंडीची दोन पथ्यं पाळ. लिथियमच्या बॅटऱ्या गारठल्या की अर्ध्यात मान टाकतात, त्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेव, फोटोपुरत्या कॅमेऱ्यात घाल. आणि बाहेरून बुखारीच्या (शेगडीच्या) उबदार खोलीत येताना कॅमेरा आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद कर. गार धातूवर खोलीतली वाफ लगेच पाणी होऊन बसते, लेन्सच्या आतही. पिशवीत असला तर पाणी पिशवीवर धरतं. दोन तासांनी उघड. आमच्या वेळी याउलट दुखणं होतं, कोरड्या थंडीत रोल काचेसारखा कडक व्हायचा. घाईने फिरवला तर आत विजेच्या ठिणग्या उडायच्या आणि प्रत्येक फोटोवर झाडाच्या मुळांसारखे पांढरे फाटे उमटायचे. बर्फाचे फोटो करडे का येतात तेही सांगतो. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम करडी आहे असं धरून चालतो, त्यामुळे पांढरं बर्फही तो करडं करतो. एक्स्पोजर +१ ते +२ कडे ने, बर्फ पांढरं होईल.

राजस्थानात पोस्टिंग आलं तर उघड्यावर लेन्स बदलू नकोस. ईशान्येत किंवा आपल्या पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी सांभाळ. हवाबंद स्टीलचा नाहीतर प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे, मात्र त्यासाठी वेगळा जुना तवा ठेव, स्वयंपाकाचा नको, त्या निळ्या रंगात विषारी रसायन असतं. कातडी कव्हरात लेन्स ठेवू नकोस, बुरशी तिथूनच सुरू होते.

आता ती वही. ज्या दीड वर्षात कॅमेरा नव्हता तेव्हा मी न काढलेले फोटो लिहून ठेवले. रोज एक. जागेचं नाव नाही, नंबर नाही, माणसाचं नाव नाही. फक्त उजेड कुठून येत होता, काय पुढे होतं, काय मागे, आणि मी कुठे उभा राहिलो असतो. 'लंगरात कंदील डावीकडून, वाफेत अर्धा चेहरा, मागे काळोख. गुडघ्यावर बसून.' असं. सुट्टीला निघालो की झेलम एक्स्प्रेसमध्ये जम्मू ते पुणे दोन दिवस तेच वाचत यायचो. त्या सुट्टीत माझे फोटो आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा चांगले आले. रोल पण कमी लागले. ही वहीसुद्धा साहेबांना दाखवून ठेव, लपवू नकोस.

सुट्टीत पुण्यात शिकायला बरंच आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर, १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था उभी आहे. पूर्ण अभ्यासक्रम नोकरीत जमणार नाही, पण ते लोक थोड्या दिवसांचे अभ्यासक्रमही घेतात, स्मार्टफोनवरच्या फिल्मपासून पटकथेपर्यंत. तुझ्या सुट्टीत कोणता बसतो ते आधी पाहून अर्ज कर. जवळच फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं. तिथे मोठ्या पडद्यावर जुने चित्रपट दाखवतात तेव्हा जाऊन बस, आणि एकदा गोष्ट सोडून फक्त उजेड पाहा. बालगंधर्वच्या कलादालनात फोटोंची प्रदर्शनं लागतात, तिथे फोटो काढणाराच उभा असतो. त्याला विचार, लोक आनंदाने सांगतात. हाताला सराव हवा तर पहाटे महात्मा फुले मंडई. १८८६ ची ती दगडी इमारत, गाळ्यांवरचे दिवे आणि वरून येणारा उजेड एकत्र मिसळतो, असा उजेड अवघड असतो म्हणूनच चांगला. पक्षी आवडत असतील तर तुझ्या घरापासून कवडीपाट जवळ, हिवाळ्याच्या सुट्टीत जा. भिगवणला नंतर. रोहित पक्षी लांब असतात, एका पस्तीसच्या लेन्सने हाती काही लागत नाही.

पेन्शननंतरचं विचारलंस. नोकरीत असताना पैसे घेऊन लग्नाची ऑर्डर, कुणासाठी जाहिरात, स्वतःच्या चॅनलमधून कमाई, यातलं काहीही करू नकोस. मंजुरीशिवाय दुसरा धंदा चालत नाही आणि दोन हजारांसाठी पेन्शन पणाला लागते. मित्राच्या लग्नात हौसेने काढ, जेवून ये. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात, त्या वर्षीच्या यादीत तुझ्या उपयोगाचं काय आहे ते वर्षभर आधी बघायला लाग. चाळिशीच्या आत-बाहेर तू मोकळा होशील, म्हणजे हातात वीस-पंचवीस वर्षं. पोट भरेल का? नुसत्या फोटोंवर मी संसार चालवला नाही, माझी पेन्शन होती, त्यामुळे मला हवं तेच काम घेता आलं. माझ्या ओळखीचे दोघे आज डॉक्युमेंट्रीच्या युनिटांत प्रॉडक्शन सांभाळतात. वेळेवर पोचणं, सामान मोजून भरणं, पावसात पन्नास माणसांची सोय लावणं, हे त्यांना फौजेत आलं आणि तिथे त्याला पैसे मिळतात. मल्याळममध्ये मेजर रवी सेनेतून येऊन दिग्दर्शक झाले, तेही निवृत्तीनंतर. वाट आहे, पण आज त्याची घाई नको.

राहिले वडील. त्यांना समजावत बसू नकोस. या सुट्टीत त्यांचा एक फोटो काढ, खिडकीशी बसवून, उजेड एका बाजूने, मागे भिंत रिकामी. त्यांना हसायला सांगू नकोस. मग तो फोनवर दाखवू नकोस, आठ बाय बाराचा प्रिंट काढून आण. कागद मॅट सांग. आणि फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला लाव, नाहीतर पुण्याच्या दोन पावसाळ्यांत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवायला गेलं की आधी चेहरा निघतो.